गिझर गळू लागला तर : इंदूरमध्ये नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

आमच्या इंदूरच्या घरी लागोपाठ दोन हिवाळ्यांत गिझर गळला. दोन्ही वेळा सकाळी न्हाणीघरात, गिझरच्या बरोबर खाली, फरशीवर पाणी साचलेले दिसले आणि दोन्ही वेळा घरातल्या सर्वांनी गिझर गेला असेच गृहीत धरले. पहिल्या वर्षी तो गेलेला नव्हता. सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतला जादा दाब पाणी सोडून उतरवणारी झडप, आपले नेमून दिलेले काम करत होता आणि ते न कळल्यामुळे आम्ही एका प्लंबरकडून त्या व्हॉल्व्हचे तोंडच बुजवून घेतले. पाच दिवसांनी शेजारच्या काकांनी ते पाहिले आणि त्याच क्षणी गिझरचे बटण बंद करायला लावले. आम्ही केवढा धोका डोक्यावर टांगून अंघोळ करत होतो, हे त्यांनी समजावून सांगितल्यावरच ध्यानात आले. दुसऱ्या वर्षी आतली टाकी खरोखरच फुटली होती. तेव्हा मात्र हेही व्हॉल्व्हचेच पाणी असेल असे समजून आम्ही तीन आठवडे घालवले, आणि तेवढ्या काळात पाणी झाकणाच्या आतल्या विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचले.

त्यामुळे या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : पाणी नेमके कोठून येते हे ठरल्याशिवाय स्वतः पान्हा हातात घेऊ नये आणि दुसऱ्यालाही घेऊ देऊ नये. येथे प्रामुख्याने भिंतीवर टांगलेल्या, १० ते २५ लिटर पाणी साठवणाऱ्या विजेच्या गिझरचा विचार केला आहे, कारण बहुतेक घरांत तोच असतो.

इंदूरच्या पाण्याविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुण्याहून किंवा नागपूरहून आलेल्या कुटुंबाला येथील व्यवस्था निराळी वाटते. शहराला नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ चढवून आणले जाते. ही योजना १९७८ मध्ये सुरू झाली. बहुतेक वस्त्यांमध्ये हे पाणी एक दिवसाआड येते, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद, त्यातून पाणी चढवणारी मोटर आणि गच्चीवर टाकी अशी रचना असते. जेथे नर्मदेची लाइन पोहोचलेली नाही किंवा पाणी अपुरे पडते, तेथे बोअरिंगचे पाणी त्याच टाकीत सोडले जाते. या भागातील जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची असून खोल बोअरिंगच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात. बादलीच्या आतल्या बाजूला आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल, तर तोच थर गिझरच्या आत कितीतरी अधिक वेगाने बसत आहे असे समजावे. आपल्या टाकीत कोणते पाणी येते हे घरमालकाला किंवा सोसायटीच्या माणसाला विचारून ठेवावे. दुरुस्तीच्या वेळी हा प्रश्न पुन्हा येणार आहे.

हाताशी काय असावे

गळती सुरू झाल्यावर शोधाशोध करावी लागू नये, म्हणून पुढील वस्तू एका पिशवीत आणि कागद एका पाकिटात ठेवावेत.

- रबरी तळव्याची कोरडी चप्पल, टॉर्च, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे स्टूल
- बादली, कोरडे फडके, टिश्यू पेपर किंवा जुनी वर्तमानपत्रे
- सरकता पान्हा, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, कनेक्शन पाइपचे दोन-चार रबरी वॉशर
- खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, गिझर बसवला तेव्हा मिळालेली पावती, पूर्वीच्या दुरुस्तीच्या पावत्या
- गिझरच्या अंगावरील लेबलचा स्पष्ट फोटो, ज्यात मॉडेल, क्षमता आणि अनुक्रमांक वाचता येतो
- घर भाड्याचे असल्यास करारनाम्याची प्रत

बिलाबाबत एक सूचना. दुकानांत हल्ली जी चकचकीत कागदाची छापील पावती मिळते, तिच्यावरची अक्षरे वर्ष-दीड वर्षात उडून जातात. आमचे बिल जपून ठेवलेले होते, परंतु ते उघडले तेव्हा कागद कोरा होता. कंपनीने अनुक्रमांकावरून निर्मितीची तारीख काढली आणि वॉरंटीची मुदत तेथून मोजली. गिझर दुकानात पडून राहिला होता ते महिने आमच्या मुदतीतून गेले. बिल हाती येताच त्याचा फोटो काढावा आणि शक्य झाल्यास पक्क्या शाईचे, शिक्क्याचे बिल मागून घ्यावे.

पायरी १ : प्रथम वीज बंद करावी

गळती लहान असो वा मोठी, पहिले काम हेच आहे. गिझरजवळचे बटण ओले असेल किंवा पाणी त्याच्या दिशेने ओघळत असेल, तर त्या बटणाला हात न लावता घराच्या मुख्य बोर्डावर जाऊन गिझरचा एमसीबी, म्हणजे त्याची वीज तोडणारा खटका, खाली करावा. कोणता एमसीबी गिझरचा आहे हे माहीत नसल्यास मुख्य स्विचच बंद करावा. पायात कोरडी चप्पल असावी आणि ओल्या फरशीवर उभे राहून कोणत्याही बटणाला स्पर्श करू नये.

नळाला किंवा शॉवरला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर प्रश्न केवळ गळतीचा राहिलेला नसतो. एलिमेंटचे, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांडीचे, आवरण फुटून वीज पाण्यात उतरलेली असू शकते आणि अर्थिंगही काम करत नसते. अशा वेळी घरातील सर्वांना न्हाणीघरात जाण्यापासून थांबवावे आणि विजेचे काम जाणणाऱ्या माणसाकडून तपासणी होईपर्यंत गिझर सुरू करू नये. घरात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारे उपकरण, बसवलेले असेल, तर ते अशा वेळी आपोआप पडते. ते वारंवार पडते म्हणून काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

घरात गॅसचा गिझर असेल, तर पाण्याआधी गॅसची नळी आणि सिलिंडरचा नॉब बंद करावा, खिडकी उघडावी आणि गॅसचा वास येत असल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पायरी २ : पाणी थांबवावे, आणि टाकी रिकामी झाली असे समजू नये

गिझरच्या खाली दोन नळ्या असतात. थंड पाणी जिच्यातून आत जाते तिच्यावर बहुधा अँगल कॉक किंवा गेट व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गळती थोडी असेल, तर तो बंद करण्यापूर्वी गरम पाण्याचा नळ सोडून दोन बादल्या पाणी वाहू द्यावे. म्हणजे आतल्या गरम पाण्याची जागा थंड पाणी घेते आणि पुढचे काम करताना हात भाजण्याची भीती राहत नाही. टाकीभोवती उष्णता धरून ठेवणारे आवरण असल्याने वीज बंद केल्यावरही आतले पाणी कित्येक तास कढत राहते. गळती मोठी असेल, तर मात्र एवढा वेळ न घालवता कॉक लगेच बंद करावा.

क्षारांमुळे हा कॉक अनेकदा घट्ट बसलेला असतो. पान्ह्याने जोर लावल्यास तो मुळापासून तुटतो, आणि मग थेंबांच्या जागी धार लागते. दोन बोटांच्या ताकदीने फिरत नसेल, तर तो सोडून द्यावा आणि गच्चीवरील टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करावा.

आता गरम पाण्याचा नळ उघडून ठेवावा. त्यामुळे आतील दाब उतरतो. येथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो : नळातून पाणी येणे थांबले म्हणजे गिझर रिकामा झाला असे वाटते. तसे नसते. साठवणीच्या गिझरमध्ये गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून घेतले जाते, आणि खालून थंड पाणी आत आले तरच ते बाहेर ढकलले जाते. आत येणारे पाणी बंद केले की टाकी भरलेलीच राहते. ती रिकामी करायची असल्यास खाली बादली ठेवून सेफ्टी व्हॉल्व्हचा लहानसा दांडा उचलून धरावा, आणि हवा आत शिरण्यासाठी गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवावा. २५ लिटरच्या गिझरमधून दोन बादल्यांच्या जवळपास पाणी निघते, याची तयारी ठेवून मगच हे काम हाती घ्यावे.

पायरी ३ : गळतीचे ठिकाण शोधावे

वीज बंद असताना गिझरचे संपूर्ण अंग, दोन्ही नळ्या आणि सर्व सांधे फडक्याने कोरडे करावेत. त्यानंतर प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपरची एकेक घडी गुंडाळावी आणि फरशीवर वर्तमानपत्र पसरावे. थंड पाण्याचा कॉक पुन्हा उघडावा, वीज बंदच ठेवावी, आणि अर्धा तास थांबावे. जी घडी प्रथम ओली होते, ते गळतीचे मूळ. पाणी नेहमी सर्वांत खालच्या टोकावरून पडते, परंतु ते निघालेले असते वरून. केवळ थेंब कोठे पडतो हे पाहून निष्कर्ष काढल्यास हमखास फसगत होते.

तपासण्याच्या जागा साधारण अशा आहेत : कनेक्शन पाइपचे दोन्ही बाजूंचे सांधे, सेफ्टी व्हॉल्व्ह, खालच्या झाकणाच्या आतील फ्लँज (टाकीचे तोंड बंद करणारी धातूची चकती), आणि शेवटी प्रत्यक्ष टाकी. यांपैकी काहीही ओले न होता पाणी दिसतच असेल, तर दोन शक्यता उरतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे थंड पाण्याच्या नळीवर बाहेरूनच थेंब धरतात. नळी पुसल्यावर ती सर्व बाजूंनी सारखीच ओलसर होऊ लागली, तर तो हवेतला ओलावा आहे. दुसरी शक्यता म्हणजे भिंतीच्या आतील पाइप. फरशीवर पाणी नसून भिंतीवर ओलीचा डाग पसरत असेल, तर गिझरवाल्याला नव्हे, प्लंबरला बोलवावे.

अर्ध्या तासात कोठेही ओल दिसली नाही, तर गळती फक्त पाणी तापताना होते असे समजावे. अशा वेळी जोडण्या ओल्या नाहीत याची खात्री करून गिझर सुरू करावा, न्हाणीघराबाहेर उभे राहून पाहावे, आणि पुढची पायरी विशेष लक्षपूर्वक वाचावी.

पायरी ४ : सेफ्टी व्हॉल्व्हचे पाणी ओळखावे

थंड पाण्याच्या तोंडाशी पितळेचा, एका बाजूला लहान तोटी आणि दांडा असलेला जो भाग असतो, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याची कामे दोन. आत गेलेले पाणी उलट गच्चीच्या टाकीकडे जाऊ न देणे हे एक. आणि टाकीतला दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला, तर थोडे पाणी सोडून देऊन तो उतरवणे हे दुसरे. ही मर्यादा घरगुती गिझरमध्ये बहुधा ८ बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास असते.

पाणी तापले की फुगते. २० अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान पाव लिटरला थोडेसे कमी इतके वाढते. व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही, नळ बंद आहे, टाकी पोलादाची आहे. मग हे वाढलेले पाणी जाणार कोठे? ते त्या लहान तोटीतून थेंबाथेंबाने बाहेर पडते, आणि पडलेच पाहिजे. रात्री झोपताना गिझर लावून सकाळी नळ सोडणाऱ्या घरांत हे थेंब अधिक दिसतात, कारण तापण्याच्या काळात कोणीही पाणी वापरत नाही.

ओळखण्याची रीत सोपी आहे. तोटीखाली एक पेला टांगावा किंवा ठेवावा आणि गिझर एकदा पूर्ण तापू द्यावा. २ किलोवॉटच्या एलिमेंटला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २० मिनिटे लागतात. गिझरवरचा दिवा विझल्यावर पेल्यात पाव लिटरच्या आत पाणी जमले असेल आणि त्यानंतर थेंब थांबत असतील, तर गिझर निरोगी आहे. त्या तोटीला पातळ नळी जोडून ती मोरीच्या जाळीपर्यंत सोडावी. नळीचे दुसरे टोक उघडे असावे, नळी कोठेही दुमडलेली नसावी. एवढाच त्यावरचा उपाय आहे.

पाणी तापत नसतानाही थेंब चालूच राहत असतील, तर व्हॉल्व्हच्या आतील बैठकीवर क्षाराचा कण अडकलेला असतो. पाणी थंड असताना आणि वीज बंद असताना दांडा दोन-तीनदा उचलून सोडला, की पाण्याच्या जोराने तो कण बरेचदा निघून जातो. न गेल्यास व्हॉल्व्ह बदलावा. ही वस्तू महाग नसते. गिझरच्या कंपनीने सांगितलेल्या दाबाचाच व्हॉल्व्ह घ्यावा. सियागंजमधील हार्डवेअरच्या दुकानांत किंवा महाराणी रोडवरील विद्युत साहित्याच्या दुकानांत जुना व्हॉल्व्ह सोबत नेऊन दाखवावा, म्हणजे आटे जुळत नाहीत म्हणून दुसरी फेरी पडत नाही.

तोटीतून कढत पाणी जोराने येत असेल किंवा वाफ निघत असेल, तर मात्र व्हॉल्व्हला दोष देऊ नये. तेथे थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापले की वीज तोडणारा भाग, बंद पडलेला असून पाणी उकळीपर्यंत जात असते, आणि व्हॉल्व्ह टाकीला फुटण्यापासून वाचवत असतो. एमसीबी खाली करावा आणि थर्मोस्टॅट बदलेपर्यंत वर करू नये.

ज्या चुकीने मी हा लेख लिहायला बसले, ती आता सांगते. "भैया, टपक रहा है, बंद कर दो," एवढेच आम्ही त्या प्लंबरला सांगितले होते, आणि त्याने आमच्या सांगण्याप्रमाणे तोटीवर प्लग घट्ट बसवून दिला. थेंब थांबले आणि आम्ही समाधानी झालो. त्या पाच दिवसांत थर्मोस्टॅट बिघडला असता, तर दाब बाहेर पडायला कोणतीही वाट उरलेली नव्हती. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वरही द्रवच राहते, आणि टाकी फाटताच ते एकदम वाफेत बदलते. त्या स्फोटाने भिंती पडू शकतात. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोटीला प्लग, एम-सील, गाठ मारलेली नळी यांपैकी काहीही लावू नये. भाड्याच्या घरात आलात, तर सामान लावण्याआधी ही एक जागा वर मान करून पाहून घ्यावी.

पायरी ५ : सांधे आणि कनेक्शन पाइप

गळती सांध्यावर असेल, तर हे काम घरी होण्यासारखे आहे. वीज आणि पाणी बंद करून नट सोडवावा, आतला रबरी वॉशर पाहावा; तो कडक झालेला किंवा चिरलेला असल्यास बदलावा. टेफ्लॉन टेप आट्यांवर, नट ज्या दिशेने घट्ट होतो त्याच दिशेने, आठ-दहा वेढे गुंडाळावी. ज्या सांध्यात वॉशर आहे तेथे टेपची गरज नसते. नट हाताने घट्ट केल्यावर पान्ह्याने केवळ अर्धा वळसा द्यावा.

तारेची वेणी असलेल्या लवचिक नळ्यांवर गंजाचे ठिपके दिसू लागले, की त्या गळण्याची वाट न पाहता दोन्ही एकदम बदलाव्यात. गरम पाण्याच्या बाजूला साधा पीव्हीसी पाइप जोडलेला आढळल्यास तो काढून सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा, घालून घ्यावा. साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो आणि सांध्यातून सुटतो.

पायरी ६ : खालच्या झाकणातून पाणी येत असल्यास

झाकणाच्या आत फ्लँज असतो. त्यावर एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि अ‍ॅनोड रॉड बसवलेले असतात, आणि फ्लँज व टाकी यांच्यामध्ये रबरी गॅस्केट असते. हे गॅस्केट उष्णतेने चपटे आणि कडक झाले की पाणी झिरपते व थेट विजेच्या जोडण्यांवर पडते. म्हणून झाकणातून येणारी गळती कितीही बारीक असली, तरी त्या गिझरची वीज दुरुस्तीपर्यंत बंदच ठेवावी. हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

कारागीर फ्लँज उघडेल तेव्हा आपण समोर उभे राहावे, कारण गिझरच्या आतला भाग पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते. एलिमेंटवर किती थर बसला आहे ते पाहावे. त्यानंतर अ‍ॅनोड रॉड दाखवायला सांगावा. हा मॅग्नेशियमचा दांडा असतो आणि पाण्यातील गंजण्याची क्रिया तो स्वतःवर घेतो. तो झिजतो म्हणून टाकी टिकते. आतली तार दिसण्याइतका तो झिजला असेल, तर त्याच वेळी बदलावा. आमच्या गिझरमध्ये तो नावालाही उरलेला नव्हता, आणि चार वर्षांत तो आम्ही एकदाही पाहिलेला नव्हता. बोअरिंगचे पाणी असलेल्या घरात तो दरवर्षी तपासून घ्यावा. स्टेनलेस स्टीलच्या टाकीच्या काही मॉडेलमध्ये अ‍ॅनोड नसतो, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

गॅस्केट नेहमी नवेच घालावे. जुनेच उलटे करून बसवल्यास ते महिनाभरही टिकत नाही. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे घट्ट करावे लागतात, जसे मोटारीच्या चाकाचे करतात. एकाच बाजूने आवळल्यास गॅस्केट दुसऱ्या बाजूने उचलले जाते.

पायरी ७ : टाकी फुटली आहे का

सांधे, व्हॉल्व्ह आणि फ्लँज कोरडे असून बाहेरच्या पत्र्याच्या कडेतून किंवा आवरणाच्या भोकातून पाणी येत असेल, त्याला तांबूस रंग असेल, आणि वीज बंद ठेवूनही ते थांबत नसेल, तर आतली टाकी गेली आहे. यावर उपाय नाही. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला, तरी मान्य करू नये. बहुतेक टाक्यांना आतून काचेसारखा लेप असतो, तो वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि शेजारीच दुसरे भोक पडते. रसायने ओतून किंवा बाहेरून लेप लावून हे भोक बुजत नाही. टाकीची वॉरंटी तपासावी; ती संपलेली असेल, तर गिझर बदलावा.

पायरी ८ : कंपनीशी बोलणे

वॉरंटी एक नसते, तीन असतात. संपूर्ण उपकरणाची, एलिमेंटची आणि टाकीची मुदत वेगवेगळी लिहिलेली असते व टाकीची सर्वांत मोठी, बरेचदा ५ ते ७ वर्षांची, असते. फोनवरून दोनच वर्षे झाली म्हणजे वॉरंटी संपली असे सांगितले गेले, तर कार्डावरील टाकीची ओळ वाचून दाखवावी. कार्डावर पाण्यातील क्षारांच्या मर्यादेची अट आहे का आणि अ‍ॅनोड वेळेवर बदलण्याची अट आहे का, हेही वाचावे; तक्रार नाकारली जाते ती बहुधा याच दोन कारणांवरून, आणि तेव्हा पूर्वीच्या सर्व्हिसच्या पावत्या उपयोगी पडतात.

कंपनीचा फोन क्रमांक वॉरंटी कार्डावरून किंवा तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधल्यास वर दिसणारे कस्टमर केअरचे क्रमांक पुष्कळदा भामट्यांचे असतात. नोंदणीसाठी दहा रुपये भरा, हे अ‍ॅप घ्या, ओटीपी सांगा, असे कोणी म्हटले तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक लिहून घ्यावा आणि गळतीचा छोटा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण माणूस येईपर्यंत पाणी बंद केलेले असते आणि दाखवायला काही उरत नाही. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो. त्यानेही काम न झाल्यास इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, तक्रार करता येते. त्यासाठी वकील लावणे बंधनकारक नाही.

भाडेकरूंनी आपल्या खर्चाने कोणताही भाग बदलण्याआधी घरमालकाला फोटोसह लेखी निरोप पाठवावा. किरकोळ वॉशरचा खर्च कोण करणार आणि टाकी कोण बदलणार, हे करारात लिहिलेले नसते आणि नंतर अनामत रकमेतून कपात होते.

पायरी ९ : कारागीर घरी आल्यावर

येथे बोलणे बहुधा हिंदीतच होते, म्हणून आपले निरीक्षण नेमके सांगावे : "वाल्व से नहीं, नीचे के ढक्कन से आ रहा है, और बिजली बंद हो तब भी आता है." एवढ्या एका वाक्याने पुढचा अंदाजपंचे कारभार टळतो. काम सुरू होण्याआधी घरी येण्याचे शुल्क, भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी विचारावी. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. जाण्यापूर्वी अर्थिंग मल्टिमीटरने तपासून द्यायला सांगावे. केवळ टेस्टरचा दिवा लागला म्हणून अर्थिंग चांगले असते असे नाही.

पायरी १० : नवा गिझर घेताना आणि पहिल्यांदा सुरू करताना

आयएसआय चिन्ह आणि बीईईचे (ऊर्जा बचतीचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेचे) तारांकित लेबल पाहूनच गिझर घ्यावा. गच्चीवरील टाकीपासून गिझरपर्यंत पाणी जितके उंचावरून येते, त्यातील दर १० मीटरला सुमारे १ बार दाब पडतो; दुमजली घरात तो अर्ध्या बारच्या जवळपास असतो. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असलेल्या घरात ८ बार क्षमतेचाच घ्यावा. २ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे १६ अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग लागते. एक्स्टेंशन बोर्डावर तो कधीही लावू नये. पाण्यासकट १५ लिटरच्या गिझरचे वजन २० किलोच्या वर जाते, म्हणून हूक पोकळ विटेत किंवा नुसत्या प्लॅस्टरमध्ये बसवला जात नाही ना, हे पाहावे.

पहिल्यांदा सुरू करताना आधी थंड पाण्याचा कॉक उघडावा, गरम पाण्याचा नळ सोडून ठेवावा, आणि त्यातून फसफस थांबून पाण्याची सलग धार येऊ लागली की मगच वीज सुरू करावी. रिकाम्या टाकीत एलिमेंट तापले, तर ते काही मिनिटांत जळते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात गच्चीची टाकी संपलेली असताना गिझरचे बटण दाबले जाण्याचा संभव मोठा असतो. सकाळी आधी नळ सोडून पाणी येते का पाहावे, ही सवय मुलांनाही लावावी. थर्मोस्टॅटचा खटका ६० अंशांच्या पुढे नेऊ नये, कारण त्यापुढे क्षार फार वेगाने धरतात.

सर्व्हिस नवरात्रात किंवा दिवाळीच्या साफसफाईबरोबर करून घ्यावी. डिसेंबरात थंडी पडली की सगळ्या शहराला गिझरची आठवण एकदम होते आणि कारागीर चार-चार दिवस मिळत नाही. आमच्या नव्या गिझरच्या बाजूला मी पक्क्या शाईच्या पेनाने बसवल्याची तारीख लिहिली आहे, आणि तिच्याखाली अ‍ॅनोड पाहिल्याच्या तारखांसाठी जागा सोडली आहे. घर बदलून गेलो, तरी पुढे येणाऱ्या कुटुंबाला ती वाचता येईल.